बाग, किनारा, दुर्बीण : टोकियो विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांची वारी

सोमवार : होंगो

टोकियो विद्यापीठ बघायला आलेला माणूस होंगो या मुख्य आवाराचं लाल दार बघतो, त्याच्यासमोर फोटो काढतो आणि पुढे आसाकुसाला जातो. दार आहेच तसं देखणं. १८२७ साली कागा प्रांताच्या मायेदा सरदार घराण्यात शोगुनची, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाची, मुलगी सून म्हणून आली, तेव्हा ते बांधलं. पण या खेपेला मला जे विद्यापीठ बघायचं होतं ते या दाराच्या आत नाहीच. त्याचा एक तुकडा जुन्या औषधी बागेत आहे, एक समुद्रकाठच्या खडकांवर, एक किसोच्या डोंगरात अकराशे मीटर उंचीवर.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ताई बरीच वर्षं टोकियोत, निशिकासाईला राहते. तिथे भारतीय वस्ती इतकी आहे की कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. तिची मुलगी याच विद्यापीठात विज्ञान शाखेत मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. इथली मुलं त्याला ‘एम-वन’ म्हणतात. पुढे ‘एम-टू’, मग पीएच.डी.चं ‘डी-वन’. शिल्लक रजा जोडून मी नोव्हेंबरच्या शेवटी आले. पत्रव्यवहार सगळा भाचीनं केला होता.

पहिला दिवस होंगोतच काढला, कारण ही केंद्रं नेमकी कुणाची, हे आधी समजून घ्यायचं होतं. आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की विभाग, संलग्न महाविद्यालयं आणि परीक्षा. इथे १९९०च्या दशकात मोठ्या विद्यापीठांनी आपला भार पदव्युत्तर शाखांकडे सरकवला. प्राध्यापकाची नेमणूक पदव्युत्तर शाखेत होते आणि पदवीच्या मुलांना तोच शिकवतो. त्यामुळे विज्ञानाची पदव्युत्तर शाखा म्हणजे फक्त वर्ग आणि प्रयोगशाळा नव्हेत. वनस्पती उद्यान, सागरी जीवशास्त्र केंद्र, खगोलशास्त्र संस्था, विश्वाच्या आरंभाचा अभ्यास करणारं केंद्र, हे सगळं तिच्याच संसारात येतं. शेतकी शाखेकडे तर सात जंगलं आहेत. त्यातलं चिबाचं १८९४ सालचं, देशातलं पहिलं विद्यापीठीय जंगल. होक्काइदोतलं वीस हजार हेक्टरांहून मोठं. १९२५ साली काढलेली भूकंप संशोधन संस्था मात्र वेगळी, ती थेट विद्यापीठाच्या अखत्यारीत. हा फरक भाचीनं मला उपाहारगृहातल्या कागदी रुमालावर आकृती काढून समजावला.

संध्याकाळी रसायनशास्त्राच्या जुन्या इमारतीवरून चालत गेलो. इकेदा किकुनाए याच विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कोम्बू नावाच्या समुद्री पाल्याच्या पाण्याला ती खास चव कशामुळे येते याचा शोध घेताना १९०८ साली त्यांना ग्लुटामेट सापडलं आणि ‘उमामी’ हे नाव जगाला मिळालं. ताई शाकाहारी. माशाचा अर्क इथे जवळजवळ प्रत्येक रश्श्यात असतो, म्हणून तिच्या डब्यात कोम्बूच्या पट्ट्या कायम असतात. रात्री तिनं त्याच पाण्यात भोपळ्याची भाजी शिजवली होती.

मंगळवार : कोइशिकावा

सोमवारी बाग बंद असते, म्हणून मंगळवार. निशिकासाईहून ओतेमाचीला गाडी बदलली, हाकुसानला उतरलो आणि उतारावरून दहा मिनिटं चाललो. दारातच ५०० येनचं तिकीट. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं आपण टोकियोत आहोत हेच पटत नाही. सुमारे १६ हेक्टरांची जागा, मध्ये टेकडीचा कडा, खाली तळी आणि जुनी जपानी बाग.

ही बाग विद्यापीठाहून जवळजवळ दोनशे वर्षांनी मोठी आहे. १६८४ साली तोकुगावा शोगुनांनी औषधी वनस्पतींसाठी ती लावली. १७२२ साली एका गावठाणातल्या वैद्यानं शोगुनच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली की गोरगरिबांना औषधपाणी मिळत नाही, आणि योशिमुने शोगुननं याच बागेत गरिबांचा दवाखाना काढला. दवाखाना गेला, त्याची विहीर आहे. १९२३च्या महाभूकंपात शहर जळत असताना हजारो माणसं या बागेत आश्रयाला आली, तेव्हा याच विहिरीचं पाणी कामाला आलं. थोडं पुढे रताळ्याचं स्मारक आहे. १७३२च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानानं १७३५ साली इथे रताळ्याची लागवड करून पाहिली, कारण भात बुडाला तरी रताळं माणसाला जगवेल असं त्याला वाटत होतं. आणि तसंच झालं. रताळ्यासाठी दगड उभारणारी बाग मला फार आवडली.

१८७७ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि बाग त्याच्याकडे आली. मी आले होते ते मात्र एका झाडासाठी. अकरावी-बारावीला बीजधारी वनस्पती शिकवताना गिंकोचं नाव दरवर्षी घेते. पाटीवर पंख्यासारखं पान काढते, पुढे जाते. इथे ते झाड समोर होतं, पूर्ण पिवळं, खाली पानांचा आणि दुर्गंधी बियांचा सडा. वय तीनशेच्या आसपास सांगतात. बुंध्याशी एक दगड आहे, त्यावर या झाडावर लागलेल्या शोधाची नोंद.

गोष्ट अशी. शेवाळं आणि नेचे यांचे पुंबीजाणू, म्हणजे नर पेशी, पाण्यात पोहून अंड्यापर्यंत जातात. बी धरणाऱ्या झाडांना पाण्याची गरज उरली नाही, परागनलिका काम करते, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. गिंको या दोहोंच्या मधोमध असावा असा काही युरोपीय शास्त्रज्ञांचा कयास होता, पण पाहिलं कुणीच नव्हतं. पराग वसंतात मादी झाडावर येतो आणि प्रत्यक्ष फलन व्हायला सप्टेंबर उजाडतो. मधले महिने बीजांडाच्या आत काय चाललंय हे बघायचं तर या झाडाची बीजांडं सतत गोळा करायची, पातळ काप घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. हे काम करणारा हिरासे साकुगोरो प्राध्यापक नव्हता. तो चित्रकार होता. आधी शाळेत चित्रकला शिकवायचा, नंतर विद्यापीठात वनस्पतींची चित्रं काढायला आला आणि सहायक झाला. १८९६ साली त्याला गिंकोच्या बीजांडात पोहणारे पुंबीजाणू दिसले. बी धरणाऱ्या वनस्पतीत ते जगात पहिल्यांदा कुणी पाहिले असतील तर त्यानं. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ इकेनो सेइइचिरो यांनी सायकस या दुसऱ्या बीजधारी झाडामध्येही ते दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी हिरासेनं विद्यापीठ सोडलं आणि हिकोनेच्या माध्यमिक शाळेत शिकवायला गेला. १९१२ साली जपानच्या अकादमीनं या शोधासाठी मोठा पुरस्कार द्यायचं ठरवलं. तो आधी एकट्या इकेनोंनाच जाणार होता. इकेनोंनी सांगितलं, हिरासेला मिळणार नसेल तर मलाही नको. मग दोघांना मिळाला.

हे मी त्या झाडाखाली उभी राहून भाचीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगतात." मला त्या विद्यापीठाबद्दल एकदम आदर वाटला. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर हे पद असतं. नमुने जपणं, काचपट्ट्या धुणं, फॉर्मॅलिन बदलणं, माशांची टाकी साफ ठेवणं ही सगळी त्यांची कामं, आणि वार्षिक अहवालात त्यांचं नाव कधीच नसतं. इथे परिचराच्या बरोबरीच्या माणसाच्या शोधाचा दगड बागेच्या मधोमध आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांची कथाही याच बागेशी आणि याच विभागाशी बांधलेली. १८६२ साली कोचीत जन्म, प्राथमिक शाळाही पुरी केली नाही. स्वतःच्या हिमतीवर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि नमुना संग्रहात शिरकाव मिळवला, मध्येच प्राध्यापकांशी खटका उडून दारं बंद झाली, १८९३ साली सहायक म्हणून परत घेतलं गेलं. १९१२ साली व्याख्याता आणि १९३९ पर्यंत तेवढंच. पंधराशेहून अधिक वनस्पतींना त्यांनी नावं दिली. हा माणूस आयुष्यभर प्राध्यापक झाला नाही याची चुटपुट मला लागून राहिली, पण त्याला दार उघडणारंही हेच विद्यापीठ होतं.

काचघराजवळ एक तरुण कर्मचारी रोपांच्या कुंड्या हलवत होता. त्यानं ओगासावारा बेटांवरची रोपं दाखवली. टोकियोच्या दक्षिणेला हजार किलोमीटरवरची ही बेटं कधीच मुख्य भूमीला जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथली कितीतरी झाडं जगात इतरत्र नाहीत. त्यातल्या एका रानटी अझेलियाचं जंगलात एकच झुडूप उरलं होतं. बागेनं त्याची रोपं वाढवली आणि बेटावर परत नेऊन लावली. तो बोलत होता ते फक्त पाणी किती घालायचं आणि माती कुठली याबद्दल. मी विचारल्यावर त्यानं पानाची खालची बाजू उलटवून दाखवली आणि पुन्हा कामाला लागला.

न्यूटनच्या घरच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम आणि मेंडेलच्या मठातल्या द्राक्षवेलीचं कलम ही दोन्ही इथे शेजारी शेजारी आहेत. शाळकरी मुलांची तिथेच गर्दी होती. मठातला मूळ वेल नाहीसा झाल्यावर इथल्याच वेलीची कलमं परत पाठवली गेली, म्हणजे ही बाग आता त्यांची आजोळ झाली.

बुधवार : निक्को

निक्कोला याच बागेची शाखा आहे, १९०२ सालची, डोंगरी आणि थंड हवेतल्या वनस्पतींसाठी. आसाकुसाहून तोबूच्या गाडीनं दोन तास. डिसेंबरपासून ती हिवाळाभर बंद असते, म्हणून आम्ही शेवटच्या दिवसांत घाईनं गेलो. मेपलची पानं गळून गेली होती. वाफे उघडे, पाट्या मात्र जागच्या जागी. रिकाम्या वाफ्यासमोर उभं राहून इथे काय असेल याची कल्पना करण्यात मजा असते, पण तासाभरात थंडीनं आम्हाला हाकललं. दाइया नदीचा आवाज सगळ्या बागेत येतो. तोशोगूच्या देवळाची गर्दी इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि बागेत आम्ही मोजून चार माणसं होतो. ज्याला फुलं बघायची आहेत त्यानं मे-जूनमध्ये यावं.

गुरुवार : मिसाकी

शिनागावाहून केइक्यूच्या लाल गाडीनं मिसाकीगुची, तिथून आबुरात्सुबोची बस. सागामी उपसागराच्या तोंडाशी मिउरा द्वीपकल्पाचं टोक आहे, त्यावर मुळ्याची आणि कोबीची शेतं, आणि शेतं संपली की एकदम खाली समुद्र. मिसाकी हे ट्यूना माशाचं बंदर. स्टेशनाच्या पाटीपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे ट्यूना.

सागरी जीवशास्त्र केंद्र १८८६ साली मिसाकी गावात सुरू झालं आणि १८९७ साली इथे, आबुरात्सुबोजवळच्या खाडीवर आलं. जगातल्या सर्वांत जुन्या अशा केंद्रांमध्ये त्याची गणना होते. नेपल्सचं त्याच्याआधीचं, अमेरिकेचं वुड्स होल त्याच्यानंतरचं. स्थापना मित्सुकुरी काकिची यांची. ते येल आणि जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलेले, विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे पहिले जपानी प्राध्यापक.

जागा हीच का, हे खडकांवर उतरल्यावर कळतं. एका बाजूला खडकाळ किनारा, वळसा घेतला की वाळू, आणखी आत गेलं की चिखलाची शांत खाडी. कुरोशिओचा उबदार प्रवाह जवळून जातो आणि उत्तरेचं थंड पाणीही इथवर पोहोचतं. सागामीची सागरी दरी किनाऱ्याला इतकी लागून आहे की थोडं बाहेर गेलं की तळ हजार मीटरांखाली जातो. जी प्रजाती पकडायला इतरत्र मोठं जहाज घेऊन खोल समुद्रात जावं लागेल, ती इथे मच्छीमाराच्या गळाला लागायची. काचेच्या धाग्यांसारखे सांगाडे असलेले खोल पाण्यातले स्पंज एके काळी शेजारच्या एनोशिमा बेटावर पर्यटकांना शोभेची वस्तू म्हणून विकले जायचे. एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं ते तिथल्या दुकानात पाहिले आणि सागामी उपसागराचं नाव युरोपात पोहोचलं. १८९८ साली इथल्याच पाण्यातल्या एका लांब नाकाच्या विचित्र शार्कला मित्सुकुरींचं नाव दिलं गेलं.

केंद्राचा सगळा डोलारा मात्र आओकी कुमाकिची या माणसावर उभा होता. कोळ्याच्या घरचा, केंद्रानं त्याला नमुने गोळा करणारा म्हणून नोकरीवर ठेवलं. देशोदेशीचे शास्त्रज्ञ इथे यायचे, हवा असलेला प्राणी सांगायचे आणि कुमासान कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यात, कुठल्या खडकाच्या पलीकडे तो मिळेल हे सांगून तो आणूनही द्यायचा. आज आम्हाला फिरवणारे तंत्रज्ञही त्याच परंपरेतले. बोट, जाळी, डायव्हिंग, टाक्यांमधल्या पाण्याचा प्रवाह, सगळं त्यांच्या हातात. सी-अर्चिन आणि तारामासे यांची अंडी कधी मिळतील हे त्यांना तारखेनिशी पाठ. टाकीतल्या तारामाशाला उलटा करून ते म्हणाले, "याची घाई नाही, सरळ होईल." आणि आम्ही सगळे तो सरळ होईपर्यंत थांबलो.

मोत्यांचं नातंही इथलंच. मिकिमोतो कोकिचीनं शिंपल्यात मोती पिकवायचा ध्यास घेतला तेव्हा १८९० साली त्याची गाठ मित्सुकुरींशी पडली. शिंपल्यात बाहेरून कण घातला तर मोती धरतो हे त्यांनी त्याला शास्त्रानं समजावलं. १८९३ साली मिकिमोतोला अर्धगोल मोती मिळाले. पूर्ण गोल मोत्याच्या पद्धतीवर काम करणारा निशिकावा तोकिची हाही याच विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचा, आणि मिकिमोतोचा जावई. एवढी मोठी बाजारपेठ एका प्राध्यापकाच्या शिकवण्यातून उभी राहिली, आणि प्राध्यापक स्वतः शेवटपर्यंत कासवांच्या आणि समुद्रकाकड्यांच्या अभ्यासात होते.

जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरची एक चौकट दिसली. तिच्यामागची हकीकत मी वाचली होती, पण ती जिथे घडली तिथे उभं राहून पुन्हा वाचताना गळा दाटून आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी नौदलानं हे केंद्र आपल्या छोट्या पाणबुड्यांच्या तळासाठी घेतलं होतं. युद्ध हरलं, नौदल निघून गेलं आणि अमेरिकी सैन्य ताबा घ्यायला येणार असं ठरलं. दान कात्सुमा हे इथले पेशी-जीवशास्त्रज्ञ. वडील मित्सुई समूहाचे प्रमुख होते, १९३२ साली त्यांची हत्या झाली. कात्सुमा स्वतः अमेरिकेत शिकलेले, वुड्स होलला काम केलेले, पत्नी जीन अमेरिकन. सैनिक आले की पाणबुड्यांबरोबर सूक्ष्मदर्शकंही जातील हे त्यांना दिसत होतं. त्यांनी एका कागदावर कुंचल्यानं इंग्रजीत मजकूर लिहिला आणि दारावर लावून ते गेले. मजकुराचा आशय असा : हे साठ वर्षांचा इतिहास असलेलं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. तुम्ही पूर्व किनाऱ्याचे असाल तर वुड्स होल तुम्हाला ठाऊक असेल, पश्चिम किनाऱ्याचे असाल तर पॅसिफिक ग्रोव्ह. ही जागा तशीच आहे. शस्त्रं आणि युद्धसामग्री खुशाल नष्ट करा, पण विद्यार्थ्यांची उपकरणं राहू द्या. तुमचं काम संपलं की विद्यापीठाला कळवा, म्हणजे आम्हाला आमच्या विज्ञानाच्या घरी परत येता येईल. खाली सही नाही, फक्त ‘शेवटी निघणारा’.

सैनिकांनी तो कागद जपला. तो पुढे वुड्स होलच्या केंद्रात पोहोचला आणि केंद्र विद्यापीठाला परत मिळालं. कात्सुमा दान परतले. डॅनियल माझिया या अमेरिकी शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९५२ साली विभाजन होणाऱ्या पेशीतली ती नाजूक धाग्यांची रचना पहिल्यांदा अख्खी वेगळी काढून दाखवली. त्याच सुमारास जीन दान यांनी शुक्राणू अंड्याला भिडताना त्याच्या टोकाशी काय घडतं ते शोधून काढलं. आज ते बारावीच्या पुस्तकात ‘ॲक्रोसोम’ म्हणून एका ओळीत येतं. ती ओळ मी आता कशी शिकवणार ते माझं ठरलं आहे.

रत्नागिरीला झाडगावात आपलंही सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. शाळेच्या सहली तिथे मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा बघायला जातात. मी स्वतः मुलांना घेऊन गेले आहे. आमची सहल बघून निघून येते. मिसाकीत आलेला शालेय गट आधी खडकांवर जाऊन प्राणी शोधतो, मग टाकीपाशी येतो. कोकणातल्या ओहोटीच्या खडकांवर हे करायला पैसा लागत नाही. ओहोटीचं वेळापत्रक आणि वाट दाखवणारा एखादा स्थानिक मच्छीमार एवढं पुरे.

निघता निघता तंत्रज्ञांनी खडकाची एक पायरी दाखवली. १९२३च्या भूकंपात इथली जमीन जवळपास दीड मीटर वर उचलली गेली. आबुरात्सुबोच्या भरतीमापक केंद्रात त्याची नोंद आहे. त्याआधी समुद्राखाली असलेला खडक आज कोरडा आहे आणि त्यावर मुलं बसून डबा खातात.

शुक्रवार : किसो

सकाळी शिंजुकूहून आझुसा गाडी, शिओजिरीला बदलून शिनानो गाडीनं किसो-फुकुशिमा. शिओजिरीनंतर दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, काळपट हिरवी जंगलं. हे लाकूड किल्ल्यांसाठी आणि देवळांसाठी जायचं, आणि ओवारीच्या सरदारांच्या काळात परवानगीशिवाय झाड तोडणाऱ्याची मान जायची. त्या धाकाचं समर्थन मी करणार नाही, पण जंगल उरलं हे खरं.

स्टेशनाबाहेर टॅक्सी केली. चालक वयस्क, आधी काहीच बोलले नाहीत. ओंताके डोंगर समोर आल्यावर त्यांनी गाडी हळू केली. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारी बारा वाजायला आलेले, शिखरावर पानगळ बघणाऱ्यांची गर्दी, आणि डोंगर फुटला. ५८ जण गेले, ५ जण सापडलेच नाहीत. त्यांनी हे भाचीला सांगितलं, तिनं मला, आणि मग वेधशाळेच्या फाटकापर्यंत कुणी बोललं नाही.

किसो वेधशाळा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा ती टोकियो खगोल वेधशाळेचा भाग होती. १९८८ साली ती जुनी संस्था राष्ट्रीय वेधशाळेत विलीन झाली, पण किसो विद्यापीठाच्या विज्ञान शाखेकडे राहिली. मुख्य दुर्बीण १०५ सेंटीमीटरची श्मिट. जगात याहून मोठे आरसे पुष्कळ आहेत, पण श्मिट दुर्बिणीचं वैशिष्ट्य तिच्या नजरेच्या आवाक्यात आहे. साधी मोठी दुर्बीण आकाशाचा नखभर तुकडा बघते. ही एका वेळी सहा अंश लांब, सहा अंश रुंद एवढं आकाश बघते, म्हणजे पौर्णिमेचे बारा चंद्र एका ओळीत मांडले तर मावतील.

घुमटाच्या आत काचेमागून दुर्बीण दिसते. पूर्वी तिच्या पोटात ३६ सेंटीमीटरची चौकोनी काच बसवायचे, प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेली. मिट्ट काळोखात, किसोच्या उणे तापमानात, निरीक्षक ती हातानं बसवायचा आणि तासभर दुर्बीण ताऱ्यामागे फिरत राहायची. अशा सुमारे सात हजार काचा वेधशाळेत जपून ठेवल्या आहेत. त्यांवरून अतिनील प्रकाशात जास्त तेजस्वी असलेल्या हजारो दीर्घिकांची यादी झाली. कोसाई आणि फुरुकावा या दोघांनी १९७०च्या दशकात याच काचांवर कितीतरी लघुग्रह शोधले आणि त्यांतल्या दोघांना ‘किसो’ आणि ‘ओंताके’ अशी नावं दिली.

आता त्याच दुर्बिणीच्या पोटात ‘तोमोए गोझेन’ नावाचा कॅमेरा आहे. तोमोए ही बाराव्या शतकातली किसोची योद्धा, किसो योशिनाकाच्या सैन्यात लढलेली. या कॅमेऱ्यात ८४ संवेदक आहेत, आणि तो आकाशाचे फोटो काढत नाही, तर चलच्चित्र घेतो, सेकंदाला दोन चौकटी. २०१९ पासून तो पूर्ण रूपात चालतो. एका रात्रीत तीस टेराबाइटपर्यंत माहिती साठते. एवढी ठेवणार कुठे? बहुतेक काही दिवसांत पुसून टाकतात. यंत्र स्वतःच हलणाऱ्या, चमकणाऱ्या, नव्यानं उगवलेल्या गोष्टी वेचून ठेवतं. पृथ्वीजवळून झपाट्यानं जाणारे लहान लघुग्रह आणि स्फोट होऊन काही तासच झालेले अतिनवतारे हे याचं शिकारक्षेत्र. २०२० साली एका अतिनवताऱ्याच्या स्फोटानंतरची पहिली क्षणिक चमक त्यानं टिपली. रोज एकदा फोटो काढणाऱ्या दुर्बिणीच्या ती हातून सुटली असती.

मला इथे जे विचारायचं होतं ते विचारलंच. जुन्या काचा ठेवायच्या आणि नवी माहिती पुसायची, हे कसं जमतं? आम्हाला फिरवणारे संशोधक थोडा वेळ थांबून म्हणाले की काच एकदाच मिळते, ते आकाश परत येत नाही. चलच्चित्रातली प्रत्येक चौकट ठेवली तर पाहायलाच कुणी उरणार नाही. दोन्हीकडे काय टिकवायचं हे माणसानंच ठरवायचं आहे. त्यांच्या उत्तरानं माझं पूर्ण समाधान झालं नाही. पन्नास वर्षांनी कुणी असा प्रश्न विचारेल की जो आज कुणाला सुचलेलाही नाही, आणि त्याचं उत्तर पुसलेल्या चौकटींत असेल, असं मला राहून राहून वाटतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की त्यांचीही रात्रीची झोप याच विचारानं उडते.

रात्री आता दुर्बिणीजवळ कुणी बसत नाही. ढग, वारा, पाऊस बघून घुमट आपोआप उघडतो, मिटतो. विद्यापीठाच्या याच खगोलशास्त्र संस्थेनं चिलीत ५,६४० मीटरवर साडेसहा मीटर आरशाची वेधशाळा उभारली आहे, तिथे तर माणसाला श्वास घेणंही कठीण. तरी किसोत माणसं आहेत. आरसा धुणारे, घुमटाची चाकं तपासणारे, बर्फ काढणारे, गावातल्या शाळांना आकाश दाखवणारे.

संध्याकाळी किसो-फुकुशिमा गावातल्या खाणावळीत मुक्काम. थाळीत सुंकी होती, शलगमच्या पाल्याचं लोणचं. मिठाचा कणही न घालता, नुसतं आंबवून केलेलं. डोंगरात मीठ महाग, म्हणून शिकलेली युक्ती. आंबटपणा थेट अंबाडीचा.

शनिवार : परत

सकाळी नदीकाठी थोडं फिरून गाडी पकडली. भाचीला सोमवारी प्रयोगशाळेच्या बैठकीत बोलायचं होतं, ती डब्यात लॅपटॉप उघडून बसली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. कोइशिकावा सोमवारी बंद असतं; गिंको पिवळा बघायचा तर नोव्हेंबरचा शेवट गाठा. निक्कोची बाग हिवाळ्यात उघडत नाही. मिसाकीला आधी पत्र लिहून परवानगी घ्या आणि ओहोटीची वेळ बघून तारीख मागा. किसोला स्टेशनापासून गाडीनं निदान अर्धा तास लागतो, टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि चारही ठिकाणी प्राध्यापक भेटले नाहीत तरी चालेल, तंत्रज्ञ आणि माळी भेटतील असं बघा.